एमआरआय स्वच्छ आहे, मग बाबांना हे अनावर हसू येते कुठून?

प्रश्न विचारणारे: प्रतापनगरकर

नमस्कार. माझे वडील ६३ वर्षांचे असून नागपुरातल्याच एका शाळेतून मराठीचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले आहेत. दीड वर्षापूर्वी त्यांची जीभ जड झाली, नंतर पाणी पिताना ठसका लागू लागला आणि बऱ्याच फेऱ्यांनंतर मोटर न्यूरॉन डिसीज, म्हणजे एमएनडी (स्नायूंना आज्ञा देणाऱ्या चेतापेशी हळूहळू निकामी होण्याचा आजार), असे निदान झाले. आता ते पाटीवर लिहून बोलतात. आजाराविषयी आम्ही जमेल तितके वाचले आहे. माझा प्रश्न त्यातल्या एकाच गोष्टीपुरता आहे.

गेल्या महिन्यात आत्याची तेरवी होती. आत्या बाबांहून ७ वर्षांनी मोठी. आजी लवकर गेल्यामुळे तिनेच बाबांना लहानाचे मोठे केले. नागपूरच्या महाल भागातल्या तिच्या घरी पंगत बसण्याआधी तिच्या जावयांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवून “मामाजी, तब्येत कशी आहे?” एवढेच विचारले आणि बाबांना हसू फुटले. ते नेहमीचे हसणे नव्हते. चेहरा ताणला गेला होता, खांदे गदगदत होते, श्वास मधेच अडकत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि घशातून एकसुरी आवाज येत होता. दीड-दोन मिनिटांनी हे सारे जसे आले तसेच थांबले. मागून कोणीतरी “काय हसून राहिले हे, सख्खी बहीण गेली ना?” असे म्हटलेले आम्ही सर्वांनी ऐकले, आणि बाबांनीही. घरी आल्यावर त्यांनी पाटीवर लिहिले: “मला हसू येत नव्हते. तोंड हसत होते.”

कधी उलटेही घडते. बातम्यांमध्ये एखादी शाळकरी मुलगी बक्षीस घेताना दिसली तरी त्यांना हुंदके अनावर होतात. नातलगांपैकी काहींनी ‘डोक्यावर परिणाम झाला’ असा निकाल देऊन टाकला आहे. पण निदानाच्या वेळी धंतोलीत काढलेल्या मेंदूच्या एमआरआयच्या अहवालात वयाला साजेसे बदल सोडल्यास काहीही दोष नसल्याचे लिहिले आहे. हे हसू-रडू मेंदूतल्या बिघाडामुळे असेल, तर तो बिघाड चित्रात का दिसत नाही? तो दाखवणारे दुसरे एखादे स्कॅन आहे का, आणि असल्यास त्यासाठी बाबांना मुंबईला नेणे योग्य ठरेल का?

उत्तर: फिल्म वाचणारा

मी रेडिओलॉजिस्ट आहे आणि मेंदूच्या तपासण्यांचे अहवाल लिहिणे हेच माझे रोजचे काम आहे. आपल्या वडिलांनी पाटीवर जे लिहिले, त्याहून नेमक्या शब्दांत या विकाराचे वर्णन करणे मलाही जमणार नाही. याला स्यूडोबल्बर अफेक्ट म्हणतात. यातल्या ‘बल्ब’चा विजेच्या दिव्याशी काही संबंध नाही, मेंदूच्या बुंध्याचा जो खालचा कंदासारखा भाग असतो, त्याचे ते जुने नाव आहे. एमएनडीच्या तिघांपैकी एकाला, काही पाहण्यांनुसार निम्म्या रुग्णांनाही, कमी-अधिक प्रमाणात हा त्रास होतो आणि ज्यांचा आजार बोलण्या-गिळण्यापासून सुरू होतो त्यांच्यात तो अधिक आढळतो.

आधी एमआरआयविषयी. एमएनडीच्या संशयात आपण जो एमआरआय काढतो, तो एमएनडी शोधण्यासाठी नसतोच. त्यासारखी लक्षणे निर्माण करणारे दुसरे काही, उदाहरणार्थ मेंदूच्या बुंध्यातील गाठ, पक्षाघाताचे डाग किंवा मानेत दबलेला मज्जारज्जू, तेथे नाही ना, याची खात्री करण्यासाठी तो असतो. त्यामुळे स्वच्छ अहवाल येणे हे अपेक्षितच असते. काही रुग्णांत स्नायूंकडे आज्ञा नेणारा मार्ग फ्लेअर प्रकारच्या चित्रांत किंचित उजळ दिसतो, पण तसा तो निरोगी माणसांतही दिसू शकत असल्याने आम्ही त्यावर भिस्त ठेवत नाही. विमानातून वर्धा रोडचे छायाचित्र घेतले तर रस्ता जागेवर आहे एवढे कळेल; त्यावरून टपाल वेळेवर पोहोचते की नाही, हे कळणार नाही. नेहमीचा एमआरआय हे असे छायाचित्र आहे.

आता हसू येते कुठून, याकडे वळू. हसणे आणि रडणे यांत चेहरा, स्वरयंत्र आणि श्वासपटल यांची एक ठरलेली जुळणी असते आणि तिची सूत्रे मेंदूच्या बुंध्यात असतात. म्हणूनच नवजात बाळाला रडायला शिकवावे लागत नाही. या बुंध्याकडे वरून दोन वेगळ्या वाटा येतात. एक भावनेची, जी मेंदूच्या खोल भागांतून उतरते. दुसरी इच्छेची, जी मोठ्या मेंदूच्या चालक भागांतून उतरते. फोटोसाठी हसायला सांगितले तर ओठ हलत नाहीत, पण विनोद ऐकताच तोंडभर हसू येते, असे रुग्ण आम्हाला भेटतात, ते याच कारणाने. चार्ल्स डार्विनने १८७२ मध्येच मेंदूच्या काही आजारांत रडू अनावर होते, अशी नोंद केली होती. पुढे १९२४ मध्ये किनियर विल्सन या ब्रिटिश मेंदुविकारतज्ज्ञाने असे मांडले की वरून येणारा इच्छेचा लगाम तुटला की खालचे केंद्र मोकाट सुटते. अनेक वर्षे पाठ्यपुस्तकांनी हेच सांगितले.

या समजुतीत खरी भर पडली ती २००१ मध्ये. पार्विझी, दमासिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनावर हसू-रडू असलेल्या एका रुग्णाचा अभ्यास ‘ब्रेन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्या रुग्णाच्या मेंदूतल्या इजा मोठ्या मेंदूला लहान मेंदूशी जोडणाऱ्या वाटेवर होत्या. त्यांची मांडणी अशी की कोणत्या प्रसंगी किती हसायचे, किती रडायचे, याचे माप लहान मेंदू लावतो. त्याच्यापर्यंत प्रसंगाची बातमी अर्धवट पोहोचली तर तेरवीत हसू आणि बक्षीस समारंभात हुंदका, अशी गल्लत होते. लहान मेंदू म्हणजे केवळ तोल सांभाळणारा अवयव, असे आम्ही महाविद्यालयात शिकलो होतो. त्यामुळे हा लेख वाचून मी बराच वेळ विचारात पडलो होतो.

एमएनडीच्या रुग्णांत ही वाट पाहण्याचे काम डिफ्यूजन टेन्सर इमेजिंग, म्हणजे डीटीआय, या पद्धतीने झाले. मशीन एमआरआयचेच असते, पण मोजतात ते पाण्याच्या रेणूंची हालचाल. उसाची मोळी नीट बांधलेली असेल तर पाणी तिच्या लांबीच्या दिशेने सहज ओघळेल. ऊस पिचले, विस्कटले तर ते चहूकडे पसरेल. चेतातंतूंच्या जुड्यांतही असेच होते. पाणी किती एकदिश वाहते, याला ० ते १ असा आकडा देता येतो आणि ते एकूण किती सैल पसरते, हेही मोजता येते. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी २०१४ मध्ये या पद्धतीने एमएनडीच्या दोन गटांची तुलना केली. एका गटाला असे उमाळे येत होते, दुसऱ्याला येत नव्हते. स्नायूंकडे जाणारा मुख्य मार्ग दोन्ही गटांत बिघडलेला होता. फरक आढळला तो कपाळामागच्या आणि कानशिलाजवळच्या श्वेतद्रव्यात (चेतातंतूंच्या जुड्यांनी बनलेल्या पांढऱ्या भागात), मेंदूच्या बुंध्यातल्या पॉन्स नावाच्या भागातल्या आडव्या तंतूंत आणि लहान मेंदूत शिरणाऱ्या मधल्या देठात. म्हणजे २००१ च्या लेखाने बोट दाखवले होते त्याच वाटेवर.

मुंबईला न्यावे का, या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. वर सांगितलेला फरक दोन गटांच्या सरासरीतला आहे. एकेका रुग्णाचे आकडे घेतले तर ते एकमेकांत मिसळतात आणि वयानुसार, मशीननुसार बदलतात. त्याच मशीनवर मोजलेल्या समवयस्क निरोगी माणसांचे आकडे शेजारी ठेवल्याशिवाय आपल्या वडिलांच्या आकड्याला अर्थ नाही. रंगीत तंतूंचे देखणे चित्र हाती येईल, अहवालही येईल, पण त्याने उपचारात काहीही बदल होणार नाही. हे निदान रुग्णाला पाहून आणि विचारून होते.

उत्तर: अमरावती रोडची लेक

दादा, वरच्या डॉक्टरसाहेबांनी जे सांगितले त्याला मी एका कन्येच्या अनुभवाची जोड देते. माझ्या आईला हाच आजार होता. ती गेली त्याला आता ३ वर्षे झाली. तिला रडू यायचे. दूधवाल्याने “काकू, बऱ्या आहात ना?” असे विचारले की रडू, नातवाने मिठी मारली की रडू. एका रुग्णालयात याला नैराश्य ठरवून ७ महिने तशी औषधे दिली गेली आणि तिला दर भेटीत “दुःख मनात ठेवू नका” असा उपदेश ऐकावा लागला. आई वहीत लिहायची, “दुःख आहेच. पण हे ते नाही.” शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी तिला फक्त दोन गोष्टी विचारल्या: हे किती वेळ टिकते, आणि थांबल्यावर मन कसे असते. तिने लिहिले की मिनिटभर, आणि नंतर लाज वाटते, बाकी काही नाही. त्यावरून त्यांनी ओळखले.

पुन्हा स्कॅन करण्याचा विचार असेल तर हेही लक्षात घ्यावे. आईचा दुसरा एमआरआय मी आग्रहाने करवला होता आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप होतो. तेथे सपाट झोपावे लागते. ज्यांना गिळता येत नाही त्यांची लाळ अशा वेळी घशात उतरते, आणि श्वासाचे स्नायू थकलेले असतील तर आडवे होताच जीव घाबरतो. अडचण आली तर दाबायला म्हणून हातात एक रबरी फुगा देतात. आईच्या बोटांत तो दाबण्याचा जोर नव्हता, हे माझ्या ध्यानात आले तोवर टेबल आत सरकले होते. तंत्रज्ञ काचेपलीकडे होते आणि आई आत रडत होती; खरे रडू की आजाराचे, हे मला बाहेरून ठरवता येईना. मान हलल्यामुळे अर्ध्या मालिका बाद झाल्या, हे वेगळेच. काही कारणाने स्कॅन टाळता येणार नसेल तर अंगावर धातूची वस्तू न ठेवता आत थांबण्याची परवानगी मागा आणि त्यांच्या पायावर हात ठेवून उभे राहा. पाय हलवला की थांबवायचे, असे आधी ठरवून घ्या.

घरात आम्ही दोन पथ्ये पाळली. उमाळा आला की सगळ्यांनी तिच्याकडे पाहणे थांबवायचे आणि बोलणे चालू ठेवायचे; आणि “काय झाले?” असे कोणीही विचारायचे नाही, कारण त्या प्रश्नानेच तो लांबतो. तब्येतीची चौकशी हीच तुमच्या बाबांच्या बाबतीत ठिणगी ठरलेली दिसते. पुढच्या कार्यक्रमाआधी जवळच्या चार जणांना फोन करून सांगून ठेवा की चौकशी मुलाकडे करा, बाबांकडे नको.

प्रतापनगरकर

आपणा दोघांचे मनापासून आभार. रबरी फुग्याची गोष्ट वाचून मी मुंबईचा विचार सोडला. आता आणखी एक विचारतो. आमच्या नातलगांच्या व्हॉट्सअॅप गटात कोणीतरी कळवले आहे की खोकल्याच्या औषधातल्या डेक्स्ट्रोमेथॉर्फनने हे हसू-रडू थांबते, आणि सक्करदऱ्याचे एक काका बाटली घेऊन घरीसुद्धा आले. बाबांना ती द्यायला मी धजावलो नाही. यात कितपत तथ्य आहे?

उत्तर: गोळीचा हिशेब

धजावला नाहीत, हे उत्तम केलेत. मी औषधशास्त्र शिकवतो. काकांच्या सांगण्यात निम्मे तथ्य आहे आणि उरलेले निम्मे धोक्याचे आहे. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१० मध्ये याच विकारासाठी ज्या पहिल्या औषधाला मान्यता दिली, त्यात २० मिलिग्रॅम डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि १० मिलिग्रॅम क्विनिडिन यांचे मिश्रण आहे. नुसते डेक्स्ट्रोमेथॉर्फन घेतले तर बहुतेकांच्या यकृतातले एक विकर (एन्झाइम) त्याचा झपाट्याने निकाल लावते आणि मेंदूपर्यंत पुरेसे औषध पोहोचतच नाही. क्विनिडिन त्या विकराला अडवून धरते; मिश्रणात त्याचे काम एवढेच. पण क्विनिडिन हे मुळात हृदयाच्या ठोक्यांवरचे औषध आहे. इतक्या थोड्या मात्रेतही काही जणांत ते ठोक्यांची विद्युत लय बिघडवू शकते, म्हणून ईसीजी पाहूनच ते सुरू करतात.

खोकल्याच्या बाटलीत तर डेक्स्ट्रोमेथॉर्फनखेरीज अनेकदा सर्दीची इतर औषधेही मिसळलेली असतात. त्यांनी गुंगी येते आणि कफ घट्ट होतो. ज्याला नीट खोकता येत नाही त्याच्यासाठी घट्ट कफ ही साधी बाब नव्हे. त्यात वडिलांना नैराश्यावरची एखादी गोळी चालू असेल तर डेक्स्ट्रोमेथॉर्फनबरोबर सेरोटोनिनचे प्रमाण धोक्याच्या पातळीवर जाऊ शकते. ती बाटली काकांना सन्मानाने परत करावी.

आपल्याकडे मेंदुविकारतज्ज्ञ बहुधा रात्री अॅमिट्रिप्टिलिनची अल्प मात्रा देतात किंवा सेरोटोनिन वाढवणाऱ्या गटातले औषध देतात. येथे मात्रा नैराश्यासाठी लागते त्याहून अनेकदा कमी असते आणि परिणामही लवकर दिसतो. अॅमिट्रिप्टिलिनने तोंड कोरडे पडते. एरवी हा दुष्परिणाम मानला जातो, पण ज्यांची लाळ गळते त्या एमएनडीच्या रुग्णांना तोच उपयोगी पडतो. मात्र प्रोस्टेटचा त्रास असेल तर लघवी अडू शकते, हे डॉक्टरांना आधी सांगावे.

तपासणीला जाताना सोबत एक साधन नेता येईल. सेंटर फॉर न्यूरोलॉजिक स्टडी लॅबिलिटी स्केल नावाची ७ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. प्रत्येक प्रश्नाला १ ते ५ गुण असल्याने बेरीज ७ ते ३५ या दरम्यान येते, आणि एमएनडीच्या रुग्णांत १३ किंवा अधिक गुण आले तर स्यूडोबल्बर अफेक्टची शक्यता धरतात. तेवढ्याने निदान होत नाही, परंतु औषधाआधीची आणि महिन्यानंतरची बेरीज शेजारी ठेवली की फरक पडला की नाही, यावर घरात वाद होत नाहीत.

उत्तर: मनाचा मागोवा

चर्चा चांगली चालली आहे, पण ‘फिल्म वाचणारा’ यांच्या मांडणीतल्या एका गोष्टीशी मी पूर्ण सहमत नाही. मी मेंदुविकार असलेल्या रुग्णांच्या मानसशास्त्रीय चाचण्या घेते. एमएनडीच्या सुमारे निम्म्या रुग्णांत विचारशक्ती किंवा वर्तन यांत थोडाफार बदल होतो आणि साधारण १० ते १५ टक्के रुग्णांत तो फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया या, वर्तन आणि भाषा बिघडवणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या प्रकारापर्यंत जातो. त्यामुळे कपाळामागच्या श्वेतद्रव्यात जो फरक दिसला, तो हसू-रडू आवरता न येण्याचा किती आणि या इतर बदलांचा किती, हे सरासरीच्या चित्रावरून वेगळे काढणे अवघड आहे. लहान मेंदूकडे जाणाऱ्या वाटेचा पुरावा मला त्यामानाने अधिक भक्कम वाटतो.

दुसरे असे की तोंड आणि मन यांची इतकी साफ फारकत दर वेळी झालेली नसते. बाबांचे तेरवीतले हसू मनाशी पूर्ण विसंगत होते, हे त्यांनीच सांगितले आहे. पण शाळकरी मुलीला पाहून आलेला हुंदका बहुधा खऱ्या गहिवरापासून सुरू झाला असेल. जन्मभर शाळेत शिकवलेल्या माणसाला तेथे गहिवरून येणार नाही तर कोठे? बिघाड झाला तो गहिवराच्या मापात. म्हणून घरच्यांनी प्रत्येक उमाळा ‘आजाराचा’ म्हणून बाजूला सारू नये. उमाळा ओसरल्यावर, दहा मिनिटांनी, एकदा शांतपणे विचारावे की आत काय होते. ज्यांना स्यूडोबल्बर अफेक्ट असतो त्यांना नैराश्यही असू शकते, आणि ते हसण्या-रडण्यापेक्षा झोप, भूक आणि लिहिण्यातला निरुत्साह यांवरून अधिक कळते.

‘डोक्यावर परिणाम’ म्हणणाऱ्या नातलगांना मात्र एवढेच सांगावे की ज्याला आपले हसू चुकीच्या जागी आले हे कळते आणि त्याची लाज वाटते, त्याचे भान शाबूत आहे.

उत्तर: फिल्म वाचणारा

‘मनाचा मागोवा’ यांचा आक्षेप मला मान्य आहे. श्वेतद्रव्याविषयी मी जरा घाईने लिहिले. एक भर घालतो. उमाळा चालू असतानाच मेंदूचे चित्र का घेत नाहीत, असे मला विद्यार्थी नेहमी विचारतात. हसताना डोके काही मिलिमीटर जरी हलले तरी कार्यात्मक एमआरआयची, म्हणजे काम करत असलेल्या मेंदूच्या चित्रांची, मालिका वाया जाते. त्यामुळे उमाळा येत नसताना माणूस स्थिर पडलेला असतानाच बहुतेक चित्रे घ्यावी लागतात आणि त्यावरून अंदाज बांधावा लागतो. आणि जुन्या एमआरआयची सीडी फेकू नका. पुढे एखादे नवे लक्षण अचानक दिसले, किंवा कोणत्याही निमित्ताशिवाय अगदी एकसारखे हसण्याचे झटके येऊ लागले, तर अपस्माराची शंका घेऊन ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, काढावा लागेल आणि तेव्हा तुलनेसाठी ती लागेल.

प्रतापनगरकर

काल तपासणी झाली. डॉक्टरांनी पाचेक मिनिटे बाबांशी पाटीवरच संवाद केला, ईसीजी पाहिला, लघवीच्या त्रासाची चौकशी केली आणि रात्रीसाठी अॅमिट्रिप्टिलिनची लहान मात्रा लिहून दिली. नवे स्कॅन सांगितले नाही. तेथे जाण्याआधी ते ७ प्रश्न मी माझ्या मराठीत उतरवून बाबांपुढे ठेवले होते. बेरीज २६ आली. कागद परत देताना त्यांनी माझ्या दोन वाक्यांतले ऱ्हस्व-दीर्घ लाल पेनाने दुरुस्त केले होते, आणि ‘अनियंत्रित हसणे’ खोडून वर लिहिले होते: ‘हसू न आवरणे’.